वहिनीच्या वाटणीचं पाणी

धाकट्याने वहिनीला 'अहो' म्हणायला सुरुवात केली ती ऑपरेशननंतर.

त्याआधी असलं काही नव्हतं. वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा हा शाळेत जात होता, अर्ध्या चड्डीत, गुडघे फुटलेले. दादाची बायको म्हणजे आपल्याला भांडायला मिळालेली हक्काची बहीण, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली आणि पहिल्याच दिवसापासून तो तिला अगं-तुगं करायला लागला. दादाची बेकरी होती. वहिनीने हौसेने भाजलेला पहिला पाव त्याने सगळ्यांसमोर जमिनीवर टाकला आणि फरशी फुटली का, ते वाकून बघितलं. वहिनीही काही कमी नव्हती. पुढे तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या कामाला लागला, तेव्हा ती बेकरीच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना खुशाल सांगायची, "याच्यासारख्याने केलेला चष्मा लावून नवरा बघायला गेले होते, म्हणून ही वेळ आली."

मग धाकट्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या.

आठवड्यातून तीनदा इस्पितळात जायचं, हाताला सुया टोचून मशीनपाशी पडून राहायचं आणि घरी येऊन परत पुढच्या वेळेची वाट बघायची. सुयांचं त्याला काही वाटेनासं झालं. जीव जायचा तो तहानेने. शरीरातून पाणी बाहेर पडत नाही म्हणून आत घालायचंही बेताने. दिवसाच्या वाटणीचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचं आणि घोट घोट पुरवायचं. दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटायची. तो बर्फाचा खडा तोंडात धरून काचा घासायचा, आणि घासताना चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते, तिच्याकडे बघायचं टाळायचा. त्या काळात वहिनीने त्याच्यासमोर पाणी प्यायचं सोडून दिलं. तहान लागली की ती मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांआड जाऊन प्यायची. तिला वाटायचं, याला कळत नाही.

दादाला साखरेचा आजार होता. बेकरीवाल्याला साखर म्हणून गल्लीभर विनोद झाले, पण डॉक्टरांनी त्याची किडनी घ्यायला साफ नकार दिला तेव्हा कुणी हसलं नाही. आईवडील तर कधीच गेले होते. यादीत नाव लावून वाट बघत बसण्यापलीकडे हातात काही नव्हतं. असंच एकदा जेवायला बसले असताना वहिनी पावाचे काप करता करता म्हणाली, "माझी जुळतेय."

"काय जुळतंय?" दादाने विचारलं.

"किडनी. मी तपासून आले."

दादाचा घास हातातच राहिला. धाकटा उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

ऑपरेशन झालं. नवी किडनी अशी काही कामाला लागली की पलंगाला टांगलेली पिशवी नर्सला सारखी रिकामी करावी लागली. शेजारच्या वॉर्डात पडलेल्या वहिनीने शुद्धीवर आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला तो, "नळ सुरू झाला का?" अख्खा वॉर्ड हसला. ते ऐकून धाकटा मात्र उशीत तोंड खुपसून रडला.

आणि घरी आल्यावर त्याच्या तोंडून निघालं, "अहो वहिनी, तुम्ही बसा. मी घेतो."

त्याला ते ठरवून करावं लागलं नाही. आपल्या पोटात जिच्या जिवाचा तुकडा आहे तिला 'ए, पाव जळला बघ' कसं म्हणायचं? ती खोलीत आली की तो उठून उभा राहायचा. तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायचा. पाव कसाही झाला तरी 'छान झालाय हो' म्हणायचा. वहिनी आधी हसली, मग चिडली, मग त्याच्या ताटात मुद्दाम करपलेला पाव वाढून बघितला. त्याने तो मुकाट्याने खाल्ला आणि वर आणखी मागितला. त्यानंतर ती काही बोलेनाशी झाली.

अशी दोन वर्षं गेली. एक दिवस वहिनीने बेकरीचं शटर ओढता ओढता सांगितलं, "मला त्या डोंगरावरच्या तळ्यावर जायचंय. कॉलेजात असताना निघाले होते, अर्ध्यातून धुक्याने परत फिरवलं. यांचे गुडघे काही चढू देणार नाहीत. तू चल माझ्याबरोबर."

तिने काही मागितलंय म्हटल्यावर तो चंद्रावरसुद्धा गेला असता. पण आधी डॉक्टरीणबाईंना विचारणं भाग होतं.

"जा की," त्या म्हणाल्या. "चालणं चांगलंच आहे. फक्त पाण्याचं सांभाळा. नवी किडनी परकी म्हणून शरीराने हाकलून देऊ नये यासाठी तुम्ही ज्या गोळ्या घेता, त्या शरीराच्या पहारेकऱ्यांनाच झोपवून ठेवतात. दुसऱ्याला एक दिवस पोट बिघडवेल ते पाणी तुम्हाला महिनाभर आडवं करील. ओढ्याचं पाणी तसंच तोंडाला लावायचं नाही. आणि कमी प्यायचं नाही, हेही तितकंच. गाळा, वर पाणी शुद्ध करायची गोळी टाका, अर्धा तास थांबा, मग प्या."

म्हणून पाणी गाळायचा पंप आला. हातभर लांबही नव्हता. एका बाजूला लांब नळी, तिच्या टोकाला जाळी आणि तळाच्या गाळात बसू नये म्हणून एक तरंगणारा फुगा. दुसऱ्या बाजूला छोटी नळी, ती बाटलीत सोडायची. मधल्या पोटात पांढरी कॅन्डल, घरच्या जुन्या फिल्टरमध्ये असते तशीच, फक्त लहान. सायकलच्या पंपासारखा दांडा वरखाली करायचा की गढूळ पाणी त्या कॅन्डलमधून रेटलं जाऊन पलीकडे स्वच्छ पडायचं. विक्रेत्याने दोन गोष्टी बजावून सांगितल्या: घाणेरडी नळी आणि स्वच्छ नळी चुकूनही एकत्र ठेवायची नाही, आणि दांडा जड लागायला लागला की जोर करायचा नाही, उघडून कॅन्डल घासायची.

धाकट्याने घरी बादलीत कुंडीतली माती कालवली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध बसून पंप मारला. पेल्यात नितळ पाणी पडलं. दादाने तो पेला उजेडात धरला, फिरवला, हुंगला.

"कुंडीत खत कधी घातलं होतं?" त्याने विचारलं.

"परवा," वहिनी म्हणाली.

दादाने डोळे मिटून पेला घशात रिकामा केला आणि थोडा वेळ तसाच बसून राहिला. "जिवंत आहे," तो म्हणाला. "जा तुम्ही. मी खाली गावात खोली घेऊन राहतो. वर नेटवर्क नसतं म्हणे. कुणीतरी जवळ असावं."

पहिल्या दिवसाची वाट सूचिपर्णी झाडांतून वर जाणारी, मऊ, वाळलेल्या सुयांनी भरलेली. ओढा सोबतीला होताच. थोडं चढून गेलं की धाकटा थांबायचा, ओढ्याकाठी उकिडवा बसायचा, फुगा पाण्यात सोडायचा आणि पंप मारायला लागायचा. गोळी टाकून अर्धा तास झाला की पहिली बाटली वहिनीला, दुसरी स्वतःला. बाटली तोंडाला लावली की तो मान मागे टाकून गटागटा प्यायचा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. पोटभर पाणी पिण्याचं सुख त्याच्या अजून अंगवळणी पडलं नव्हतं. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, हे चालतं ना? कुणी ओरडणार नाही ना?

"दे मला, मी मारते पंप," वहिनी म्हणाली.

"नको नको, तुम्ही बसा. तुम्ही दमलात."

"मी दमले नाही."

"तरी बसा हो."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मग सॅक उचलून पुढे चालायला लागली. दुपारनंतर तिची बाटली रिकामी दिसेना. तो बाटली पुढे करायचा आणि ती आपली भरलेली दाखवायची. "आहे माझ्याकडे. तू पी." त्याला वाटलं, वर थंडी आहे, कमी पीत असेल. 'प्या हो थोडं,' एवढंच तो म्हणायचा.

मुक्काम एका झाडीत तंबूत झाला. वहिनीने छोट्या स्टोव्हवर आधी सूप केलं, मग चहा केला, मग डोंगर बघत आणखी चहा केला. सकाळी परत चहा. गॅसची नळकांडी हलवून धाकट्याने तोंड वाकडं केलं, पण बोलला काही नाही.

रात्री वरच्या अंगाला पाऊस पडला असावा. दुसऱ्या दिवशी ओढा दुधाच्या चहासारखा झाला होता. पंप जड चालायला लागला. थांबून कॅन्डल घासायला हवी हे धाकट्याला कळत होतं, पण वहिनी पुढे निघाली होती आणि तिला थांबवायचं त्याच्या जिवावर आलं. तो दात ओठ खाऊन दांडा दाबत राहिला. मनगट सुजल्यासारखं झालं. एवढं करून बाटली एकच भरली. तीत गोळी टाकून त्याने ती पुढे धरली.

"माझी भरलेली आहे," वहिनी म्हणाली. ती जरा पांढरी दिसत होती.

झाडं संपली, उघडा कातळ लागला, आणि त्याच्या कुशीत दगडी भिंतींची एक निवाऱ्याची खोली दिसली. आत एक टेबल, दोन बाकं, भिंतीला लाकडी बर्थ. राखायला कुणी नाही. येणाऱ्याने यावं, राहावं, झाडून जावं. वहिनीने आत पाय ठेवला, सॅक खाली टाकली आणि तशीच बाहेर धावली. भिंतीआडून ओकाऱ्यांचा आवाज आला.

पहिल्यांदा धाकट्याला वाटलं, उंचीमुळे होतंय. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झालं, पोटही गेलं, तेव्हा त्याने उंचीचा विचार सोडला. वहिनी बर्थवर मुटकुळं करून पडली. ओठ पांढरे, कपाळ तापलेलं.

"तुम्ही काही खाल्लंत का वेगळं?"

वहिनीने मान हलवली. मग डोळे मिटूनच म्हणाली, "कालपासून झऱ्याचं पाणी पितेय. तसंच."

"तसंच म्हणजे?"

"तसंच म्हणजे तसंच. कातळातून येत होतं, स्वच्छ दिसलं. तू दर वळणावर बसून घाम गाळत होतास. मनगट चोळताना बघितलं मी तुला. म्हटलं, याच्यापुरतं याने गाळावं. मला काय होतंय?"

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. तिने नुसती किडनी दिली एवढंच नव्हतं. तिच्याकडे आता एकच उरली होती, आणि ती एक अशी कोरडी पडू देणं किती वाईट, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याने आपली बाटली उघडली आणि तिच्या ओठांना लावली.

तिने तोंड फिरवलं. "ते तुझं आहे. तुझ्या गोळ्यांची वेळ होईल आता."

आणि धाकट्याच्या आत दोन वर्षं दाबून बसवलेलं काहीतरी फाडकन उघडलं.

"वहिनी, गप पी!" तो ओरडला. दगडी खोलीत आवाज घुमला. "अक्कल काय बेकरीच्या भट्टीत घालून आलीस? एक माझ्या पोटात, एक तुझ्या पोटात. तीही घालवलीस तर तिसरी कुठून आणू मी? पाव भाजता येत नाही तुला, निदान पाणी तरी प्यायला शीक!"

बोलून झाल्यावर तोच घाबरला. वहिनीने डोळे उघडले होते.

"काय म्हणालास?"

"गप पी म्हणालो."

"त्याच्या आधी नाही, नंतर."

"पाव... भाजता येत नाही तुला."

वहिनीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळलं आणि त्याच वेळी ती हसायला लागली. हसताना पोटात कळ आली म्हणून तिने पोट धरलं. "दोन वर्षं लागली तुला," ती म्हणाली. "दे इकडे."

तिने प्यायला सुरुवात केली. त्याने बाटली हातातून सोडली नाही. एक घोट, थांब, परत एक घोट. दोन वेळा ते उलटून पडलं, तिसऱ्या वेळी टिकलं. पण बाटली तळाला गेली होती. स्टोव्ह पेटवून बघितला तर नळकांडीने एकदा फुस्स केलं आणि राम म्हटलं. आता जो काही भरवसा होता तो पंपाचा.

धाकट्याने हात साबणाने धुतले, टेबल पुसलं, त्यावर स्वच्छ टॉवेल अंथरला आणि पंप उघडला. कॅन्डल पांढरी राहिलीच नव्हती. मातीचा तपकिरी लेप बसला होता. सोबतच्या खरखरीत कापडाने तो ती घासायला लागला. काच घासताना घाई केली की ती चिरते, हे बोटांना ठाऊक होतं. हलक्या हाताने, फिरवत फिरवत, बाटलीच्या तळाचं शेवटचं पाणी ओतून धुवत. खालून पांढरा रंग वर यायला लागला तसा त्याचा श्वासही जाग्यावर आला. रबरी रिंग कोरडी पडली होती, तिला डबीतलं वंगण लावलं. पंप जोडला. मग बाहेर जाऊन ओढ्याचं पाणी पातेल्यात भरलं आणि ते गप्प उभं राहू दिलं. माती खाली बसल्यावर वरचं पाणी पंपाने ओढलं. पहिल्या काही झटक्यांचं पाणी फेकून दिलं. दांडा लोण्यात सुरी जावी तसा जात होता. बाटली भरली. त्याने गोळी टाकली आणि घड्याळ बघितलं.

"भरली ना? दे," वहिनी म्हणाली.

"नाही. अर्धा तास."

"घसा सुकलाय रे माझा."

"माहितीये," तो म्हणाला. तिच्या उशाशी बसला आणि ओल्या रुमालाने तिचे ओठ टिपत राहिला. "जीभ टाळूला लागते ना? ती वर चिकटवून ठेवायची नाही, खाली ठेवायची. आणि गार वस्तू गालाला लावायची. हा घे चमचा, बाहेर ठेवून गार केलाय. तीन वर्षं काढलीत मी यात. अर्धा तास तू काढशील."

वहिनीने चमचा गालाला लावला आणि डोळे मिटले. "मी मागे जाऊन पाणी प्यायचे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तुझ्यासमोर नको म्हणून."

"तेही माहितीये. येताना मिशा ओल्या असायच्या तुझ्या."

"मेल्या, मला मिशा नाहीत."

"पिठाच्या असायच्या. पोत्यांमागून यायचीस ना."

अर्धा तास झाला. त्याने पाण्यात क्षार-साखरेची पुडी विरघळवली आणि पेला तिच्या हातात दिला. बाहेर अजून उजेड होता. खिडकीतून समोरचा कडा पिवळा दिसत होता. धाकटा परत ओढ्यावर गेला, परत पातेलं भरलं, परत पंप मारला. दिवस मावळेपर्यंत हेच चाललं. दोन बाटल्या गोळी मुरत ठेवलेल्या, एक वहिनीच्या हातात. वेळ झाली तेव्हा त्याने आपल्या गोळ्याही त्यातल्याच पाण्याने घेतल्या.

अंधार पडायच्या सुमाराला वहिनी सॅकला टेकून बसली. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"एक सांगू?" ती म्हणाली. "मी किडनी दिली होती. दीर नव्हता दिला. तू तोही काढून घेतलास माझा. घरात पाहुणा आल्यासारखा वागायला लागलास. मला वाटायचं, चाकू माझ्यावर चालला आणि हरवलास तू."

धाकटा पंपाची नळी पुसत राहिला. मग म्हणाला, "मला आभार कसे मानायचे तेच कळत नव्हतं. रोज सकाळी उठतो, पाणी पितो, बाथरूमला जाऊन येतो. लोक सकाळी डोळे चोळत करतात ते. मी दर वेळी तिथे उभा राहून मनात म्हणतो, वहिनी. आता हे तुला येऊन कसं सांगू? गल्ल्यावर? गिऱ्हाइकांसमोर?"

वहिनी इतकी हसली की बर्थ हलला. "रोज? तिथे?"

"रोज. तिथे."

"बरं," ती डोळे पुसत म्हणाली. "पोचलं हो. पण देवाला तरी एखादी बरी जागा ठेव."

सकाळी धाकट्याने उठल्या उठल्या, नजर दुसरीकडे ठेवून, तिला विचारायचं ते विचारलं. वहिनी भिंतीआडून येत होती. "सुरू आहे नळ," ती म्हणाली. त्याने दोन्ही हात जोडून आकाशाकडे बघितलं आणि मग बाकावर बसून राहिला.

तो दिवस त्यांनी खोलीतच काढला. वहिनी उन्हात बसली, कोरडा पाव पाण्यात बुडवून खाल्ला, झोपली, परत प्यायली. दुपारी तिने हात पुढे केला. "दे तो पंप."

या वेळी तो 'बसा' म्हणाला नाही. त्याने तिला फुगा कसा सोडायचा ते दाखवलं, पातेल्याच्या तळाला नळी टेकू द्यायची नाही ते सांगितलं, आणि आपण बाजूला दगडावर आडवा झाला. वहिनी पंप मारत होती आणि पंपाला शिव्या देत होती. "हे काय, कणीक मळण्यापेक्षा सोपं आहे. एवढ्यासाठी तोंड पाडून बसायचास होय?"

"काल घासला म्हणून सोपा झालाय. घासायच्या आधी मारून बघायचा होतास."

"मागितला तेव्हा दिलास कुठे?"

त्याने बाटली घेतली. अर्धा तास वाट बघितली आणि प्यायला. तिने गाळलेलं पाणी. खरं तर पाणी तेच होतं, ओढा तोच होता. पण तो ते पीत असताना वहिनी हाताची घडी घालून समोर उभी होती, बेकरीत गिऱ्हाईक पहिला घास घेताना उभी राहते तशी, आणि त्याला वाटलं की इतकं गोड पाणी आपण आजवर प्यायलेलो नाही. तसं त्याने सांगितलंही. आणि लगेच म्हणाला, "पावापेक्षा बरं झालंय."

पुढच्या सकाळी ते तळ्यावर गेले. चढ फार नव्हता, पण वहिनी सावकाश चालली आणि तो तिच्या मागे राहिला, घाई न करता. वर पोचले तेव्हा वारा नव्हता. तळं करड्या दगडांच्या ओंजळीत पडलेलं, कडेला बर्फाची एक जुनी मळकी पट्टी. वहिनी बूट काढून पाण्यात उभी राहिली, किंचाळली, बाहेर आली, परत उभी राहिली. मग तिने आजूबाजूला असं बघितलं की जणू कुणीतरी हे सगळं तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. धाकट्याने तिला बोलावलं नाही. तो काठावर बसून राहिला आणि तिला हवं तेवढं बघू दिलं.

उतरताना पाय आपोआप पडत होते. खालच्या गावाच्या बस थांब्यावर दादा उभा होता. हातात दोन बंदांची मोठी कापडी पिशवी, शर्टावर पीठ. गावात एक बेकरी होती. दुसऱ्या दिवशीच हा तिथे जाऊन पोचला होता. रिकामं बसवेना म्हणून त्याने त्या माणसाच्या भट्टीवर काम केलं होतं आणि निघताना पिशवीभर गरम बन घेतले होते.

"एक दिवस उशीर," दादा म्हणाला. आवाज सरळ ठेवायचा त्याचा प्रयत्न दिसत होता. "कालच उतरायला हवे होतात. काल इथे उभं राहून सगळ्या बसेस जाऊ दिल्या."

वहिनीने त्याला सगळं सांगितलं, झऱ्याच्या पाण्यापासून. दादा ऐकत गेला, मध्ये एकदा थांब्याच्या खांबाला टेकला. धाकटा त्याच्याकडे बघत होता. शर्टावरचं पीठ, दाढीचे खुंट, झोप न झालेले डोळे. आणि त्याच्या मनात एकदम आलं की ऑपरेशनच्या दिवशी आपण गुंगीत होतो, वहिनी गुंगीत होती. हा एकटाच जागा होता.

"दादा, त्या दिवशी तू कुठे बसला होतास?"

"कुठल्या दिवशी?"

"ऑपरेशनच्या."

"जिन्यात," दादा म्हणाला. "ऑपरेशनला हिला खालच्या मजल्यावर नेलं होतं, तुला वरच्या. वर बसलो तर हिचं कळायचं नाही, खाली बसलो तर तुझं. म्हणून मधल्या पायऱ्यांवर बसलो. वर दार वाजलं की वर धावायचो, खाली वाजलं की खाली. पुसायला आलेल्या मावशी ओरडल्या, एकतर चढा नाहीतर उतरा. त्यांना सांगितलं, माझं दोन्हीकडे माणूस आहे. मग त्यांनी माझ्यापुरती पायरी कोरडी ठेवली. बाकी सगळा जिना पुसला."

वहिनीने त्याच्याकडे वळून बघितलं. "हे मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही दोघं बरी होऊन आलात. मग काय बोलायचं त्यात?"

बस वळणावर दिसायला लागली होती. धाकट्याने दादाच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला. दादा सोडेना, तू चालून आलायस, राहू दे, म्हणाला. धाकट्यानेही सोडली नाही. शेवटी एक बंद दादाने धरला, एक याने, आणि बन दाबले जाऊ नयेत म्हणून दोघे तसेच, अवघडून, एकमेकांना खेटून बसच्या दारापर्यंत चालत गेले.